संग्राम मेडलची काळी कड

आश्रुबा खिल्लारे यांनी गेल्या चोपन्न वर्षांत न्हाणीघराच्या दाराला आतून कडी लावलेली नाही. घरी पाहुणे आले तरी नाही, लग्नघरी उतरले तरी नाही, आणि परभणीच्या दवाखान्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हाही नाही. आत आबा असले की ते खाकरत राहतात, बाहेरच्याने तेवढ्यावरून समजून घ्यायचं. सुनेला लग्नानंतरचा पहिला महिनाभर वाटत होतं की सासऱ्यांना जुनाट खोकला आहे.

गावात त्यांना नेव्हीवाले आबा म्हणतात. येलदरीच्या धरणापासून तीन-चार किलोमीटरवरचं हे गाव. पाणी इथल्या पोरासोरांनाही नवीन नाही, पण लढाईतलं जहाज आतून पाहिलेला माणूस अख्ख्या पंचक्रोशीत हा एकच. दर चौदा एप्रिलला आबा पांढराशुभ्र शर्ट घालून, छातीवर चार मेडल लावून मिरवणुकीच्या पुढे चालतात. चार मेडल म्हणजे चार जहाजं बुडवली, असं गावाने कधीतरी परस्परच ठरवून टाकलं. खरं सांगायचं तर त्यातलं एक पश्चिमी स्टार, म्हणजे एकाहत्तरच्या लढाईत पश्चिमेच्या समुद्रावर जे जे होते त्यांना मिळालेलं. दुसरं संग्राम मेडल, तेही त्या लढाईचंच, हजारो जणांना दिलेलं. तिसरं स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून, आणि चौथं नऊ वर्षं नोकरी बिनतक्रार केली म्हणून. शौर्याचं त्यात एकही नाही. आबांनी हे कुणाला सांगितलं नाही, आणि चार जहाजांची गोष्ट खोडूनही काढली नाही. कुणी विचारलं की ते मिशीतल्या मिशीत हसायचे आणि पानाला चुना लावत बसायचे. असा माणूस गप्प राहिला की गाव त्याच्या वतीने बोलू लागतं, आणि आमच्या गावांना थोडक्यात बोलणं जमत नाही.

मेडल मात्र आबा कुणाला हाताळू देत नसत. वर्षातून दोनदा ते स्वतः ट्रंक उघडत, मऊ फडक्याने चारही मेडल पुसत आणि पुन्हा ठेवून देत. त्यांच्या बायकोने, नर्मदाबाईंनी, घरातलं तांब्या-पितळेचं एकूण एक भांडं चिंचेने लख्ख केलं, पण ह्या चार वस्तूंना त्यांचा हात लागला नव्हता. पुसतानाही आबांची एक खोड होती. मेडलची पुढची बाजू पुसायची, मागची पुसायची, कड तशीच ठेवायची. संग्राम मेडलची कड तर इतकी काळी झाली होती की ती मुळातच काळी असावी असं वाटे.

त्या कडेवर नाव आहे. फौजेच्या गोल मेडलांवर असतं तसं, बारीक इंग्रजी अक्षरांत, आधी नंबर, मग नाव. आणि ते नाव आश्रुबा खिल्लारे असं नाही.

ही भीती आबांनी चोपन्नातली एकावन्न वर्षं एकट्याने सांभाळली. दुसऱ्याचं मेडल छातीवर लावणं हा फौजेत गुन्हा, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. गावात कुणी लष्करातला जावई सुट्टीवर आला की आबा दोन दिवस शेतावरच मुक्काम ठोकत. जिल्ह्याच्या सैनिक कार्यालयाचं पाकीट आलं की ते दिवसभर न उघडता फळीवर पडून राहायचं, आणि आत बहुतेक वेळा सतरंजी टाकून होणाऱ्या एखाद्या मेळाव्याचं निमंत्रण निघायचं. पण ती सगळी भीती परवडली, असं म्हणायची वेळ ह्या वर्षी आली. त्यांची नात सुकेशनी नौदलात अग्निवीर म्हणून निवडली गेली.

सुकेशनी एकोणीस वर्षांची. तिचा बाप पप्पू (कागदोपत्री प्रज्ञानंद, पण ते नाव फक्त एसटीच्या जिंतूर डेपोत हजेरीपटावर) बसचा ड्रायव्हर. पोरगी आबांच्या खाटेशेजारी वाढली. धरणाच्या पाण्यात पोहायला तिला आबांनीच शिकवलं, आणि समुद्राच्या गोष्टीही त्यांनीच सांगितल्या. उडणारे मासे, पाण्यावर रात्री चमकणारा उजेड, मुंबईच्या गोदीत एकाच ताटात जेवणारे दहा प्रांतांचे लोक. ह्या गोष्टी सगळ्या खऱ्या होत्या. जहाजाच्या पोटात काय असतं ते तेवढं त्यांनी कधी सांगितलं नाही. निवडीचा मेसेज आला तेव्हा तिने मोबाइल आधी आबांच्या पुढे धरला. आबांनी "लय चांगलं झालं" म्हटलं, आणि त्या दिवशी ते जेवले नाहीत.

सोमवारी तिची गाडी होती. ओडिशात चिल्का नावाच्या ठिकाणी ट्रेनिंग. रविवारी सकाळी विहारात सत्कार ठरला होता, सरपंच रोहिणीताईंनी हार-शाल मागवून ठेवली होती. आबांच्या मनात एकच गोष्ट फिरत होती. पोरगी आपल्या चार बिल्ल्यांकडे बघून निघाली आहे. तिला खरं सांगितलं तर आयुष्यभराची इज्जत तिच्या डोळ्यांतून उतरेल, आणि न सांगता तिला जाऊ दिलं तर एक दिवस ती जहाजाच्या त्या पोलादी शिडीच्या तोंडाशी उभी राहील तेव्हा तिला वाटेल की अशी गत घराण्यात आपली एकटीचीच झाली. सांगायचं धाडस होत नव्हतं आणि न सांगता झोप येत नव्हती. पहाटे उठून ते अंगणात फेऱ्या मारत आणि नर्मदाबाईंना सांगत की पाय आखडलेत.

पोलादी शिडीची त्यांना इतकी धास्ती होती की तिच्यापायी त्यांनी एक सरकारी नोकरी सोडली होती. ब्याऐंशी साली पंधरा वर्षांची नोकरी संपवून ते गावी आले तेव्हा येलदरीच्या वीज केंद्रात माजी सैनिकासाठी एक जागा होती. इंजिनं, वाफ, पंप ह्यांत हात मुरलेला माणूस केंद्राच्या इतक्या जवळ मिळतोय म्हटल्यावर साहेब खूश झाले आणि म्हणाले, चला, खाली टर्बाइन दाखवतो. लोखंडी जिना खाली खाली गेलेला, खालून घरघर, आणि तेलाचा तो ओळखीचा वास. आबा दुसऱ्या पायरीवर बसले. गुडघा दुखतोय म्हणाले. वय वर्षं बत्तीस. नंतर त्यांनी गावाच्या वेशीवर, लिंबाच्या झाडाखाली, पाण्याच्या मोटारी आणि डिझेल इंजिनं दुरुस्त करायचं काम सुरू केलं आणि तीस वर्षं केलं. भिंत एकही बांधली नाही. पाऊस आला तर वर ताडपत्री ओढायची, बस. उघड्यावर का बसतोस रे, असं विचारणाऱ्याला ते म्हणत, गिऱ्हाईक लांबून दिसतं.

तर शनिवारची दुपार. डोळ्याचं ऑपरेशन होऊन आठच दिवस झाले होते. डॉक्टरांनी वाकू नका, धूळ घेऊ नका असं बजावलं होतं, म्हणून आबा काळा चष्मा लावून बाजेवर पडून होते. पडल्या पडल्या डोळा लागला. नर्मदाबाईंच्या मनात आलं, उद्या सत्कार, माणसाला वाकता येत नाही, मेडल कोण पुसणार? विहारातली समई घासायला घेतलीच होती, वाटीभर चिंच भिजलेली होतीच. त्यांनी ट्रंक उघडली, चारही मेडलांच्या फिती सोडवल्या आणि मेडल त्या चिंचेच्या पाण्यात सोडून दिली. वर आणखी मीठ घातलं. नवऱ्याचं कौतुक त्यांना एवढ्याच रीतीने करता येत होतं. तासाभराने काढली, राखेने चोळली, आणि कडेला जास्त काळं होतं म्हणून कडेला जास्त चोळली.

आबा जागे झाले ते सुकेशनीच्या आवाजाने. ती अंगणात उकिडवी बसली होती. सुपात तीन मेडल उन्हाला ठेवलेली आणि एक तिच्या हातात. मोबाइलचा कॅमेरा अगदी जवळ नेऊन ती कडेवरची अक्षरं मोठी करून वाचत होती.

"पी... वासवन," ती म्हणाली. "आबा, पी. वासवन कोण हाय?"

आबा उठून बसले. काळ्या चष्म्यातूनही त्यांना ती कड दिसली. ती नव्या नाण्याच्या कडेसारखी पांढरी झाली होती.

"आबा? बाकीच्या तिघांवर तुमचं नाव हाय. याच्यावर न्हाई. अदलाबदल झाली की काय कुठं?"

अदलाबदल झाली, असं म्हणून सुटता आलं असतं. पोरीनेच वाट करून दिली होती. आबांनी तोंड उघडलं आणि त्यांना जाणवलं की आपले हात गार पडले आहेत, भर दुपारी. असे गार हात त्यांना ओळखीचे होते. ह्या वेळीही आपण पायरीवरच थांबलो तर खाली कुणाला पाठवणार, हा विचार त्यांच्या डोक्यात आला, आणि ते बोलायला लागले.

"बस खाली. आन् तुझ्या आजीलाबी बलीव. एकदाच सांगायलोय, परत मला जमायचं न्हाई."

नर्मदाबाई हात पुसत आल्या आणि उंबऱ्यावर टेकल्या.

"मी बॉयलरवर होतो," आबा म्हणाले. "जहाजाच्या बुडाशी. वर तोफा असत्यात, त्या मी हातबी लावून बघितल्या न्हाईत. आमचं काम वाफ करायचं. खाली उतरायला उभी शिडी, पंधरा-सोळा पायऱ्याची. आन् लढाईच्या वख्ताला आमी खाली उतरलो की वरून पोलादी झाकन लावायचे. चारी बाजूनं कड्या आवळायचे. बाहेरून."

"बाहेरून?" सुकेशनीने विचारलं.

"बाहेरून. खाली पानी शिरलं तर ते वर जाऊ नये म्हनून. मंग खालच्यानं काय करायचं? काई न्हाई. कानानं ऐकायचं. पान्यात धपकन आवाज झाला की आपला का त्यांचा, ते कळत न्हाई. एकमेकाच्या तोंडाकडं बघायचं."

नर्मदाबाईंनी न्हाणीघराच्या दाराकडे पाहिलं.

"नऊ डिसेंबरला आपलं एक जहाज पानबुडीनं बुडिवलं. आमाला दुसऱ्या दिशी कळलं. खालची मानसं खालीच ऱ्हायली. आमच्यासारखीच, वाफेवरची. अकरा तारखेला दुपारी बारा ते चार माझी पाळी होती. मी झाकनापाशी गेलो, एक पाय शिडीवर ठिवला आन् दुसरा उचलंना. मी मनाला लय सांगितलं. पाय माझा, पन ऐकंना. मला लघवी झाली. तिथं, उभ्या उभ्या. एकवीस वर्साचा गडी."

त्यांनी काळा चष्मा काढला आणि पुन्हा घातला.

"वासवन केरळचा. माझ्या शेजारी झोपायचा. त्याची पाळी सुटली व्हती, त्याचं जेवन राहिलं व्हतं. तो आला, माझ्याकडं बघितलं, माझ्या हातातला चिंध्यांचा बोळा घेतला. म्हनला, तू बैठ, मैं जाता. बस, एवढंच. उतरला खाली, आन् वरून कड्या आवळल्या. अडीच वाजता एक वाफेचा पाइप फुटला. गोळा लागला न्हाई, पानबुडी न्हाई, काई न्हाई. जुना पाइप व्हता, फुटला. वासवनचे दोन्ही हात, मान, पाठ... कातडं निघालं. मी तिथंच बसलो व्हतो, वर. त्याला काढला तवा मी पाय धरले त्याचे. उचलायला."

बाहेर रस्त्यावरून कुणाचा तरी ट्रॅक्टर गेला. आबांना वाटलं, झालं, संपलं. आता पोरगी उठून आत जाईल.

"मेला का?" नर्मदाबाईंनी हळूच विचारलं.

"न्हाई. चार म्हैने दवाखान्यात व्हता. घरी पाठिवला मंग. कुनी मला इचारलं न्हाई. खलाशी पाळ्या बदलून घेत्यातच आपापसात, त्यात काय इचारायचं? त्यालाबी इचारलं आसंल तर त्यानं सांगितलं न्हाई. चौऱ्याहत्तरला मेडल मिळाले तवा तो कागदं न्यायला मुंबईला आलता. गोदीच्या दरवाजाबाहेर आमी चहा प्यालो. त्याची बोटं वाकत नव्हती, त्याच्या मेडलची डबी मीच उघडून दिली. मी म्हनलो, मी माझं घालनार न्हाई, त्या दिशी मी खाली नव्हतो. त्यानं चहा संपिवला. मंग म्हनला, तेरा नहीं पहनता तो मेरा पहन. वो तो नीचे था ना. आन् माझं त्यानं खिशात टाकलं. म्हनला, तेरा मैं सँभालता. तवापासनं हे त्याचं हाय, आन् माझं त्याच्याकडं. दहा-बारा वर्सं पत्रं आली. मीच पुढं लिहायचं सोडलं. लिहिताना हात भ्यायचा."

बोलणं संपलं. आबांनी मान खाली घातली. नातीकडे बघायची त्यांची छाती होईना. एक जहाज बुडवलेलं नाही, एक गोळा उडवलेला नाही, आणि पाटलोण ओली करून दोस्ताला आपल्या जागी भाजू दिलेला म्हातारा आता तिच्या पुढ्यात बसला होता. पन्नास वर्षं ज्याला घाबरलो ते हे, आणि ते माझ्याच तोंडून झालं, असं त्यांच्या मनात आलं.

सुकेशनी रडायला लागली. आधी तिने तोंडावर ओढणी धरली, मग हुंदका आवरेना.

"आबा," ती म्हणाली, "मी जायचं न्हाई म्हणून ठरवलं होतं."

"काय?"

"आठ दिवस झाले. मला झोप न्हाई. पाण्याचं भ्या वाटायलंय, माणसांचं भ्या वाटायलंय, तिथं गेल्यावर माझ्याच्यानं झालं न्हाई तर कसं? पण सांगू कुणाला? जो भेटला तो म्हणतो आश्रुबाची नात हाय, हिला कशाची भीती! उद्या सत्कार झाला की आजारी पडायचं सोंग करणार होते मी. गाडी चुकवायची आणि बस. तुमच्यापुढं तोंड दाखवायचं लय भ्या होतं मला. सगळ्यात जास्त तुमचंच भ्या होतं."

म्हणजे एका घरात, एकाच अंगणात, दोन माणसं आठ दिवस एकमेकांना घाबरून उपाशी झोपत होती आणि नर्मदाबाई दोघांना भाकरी गिळवत नाही म्हणून हिंगाचं पाणी पाजत होत्या. आबांना हसू यायला हवं होतं, पण त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, ऑपरेशन झालेल्या डोळ्यातूनसुद्धा. नर्मदाबाई ओरडल्या, "आवं, डोळा! डॉक्टरनं काय सांगितलंय?" आणि पदराने दुसराच डोळा पुसू लागल्या.

"मला वाटायचंच काईतरी हाय," पुसता पुसता त्या म्हणाल्या. "इतकी वर्सं मानूस कडी लावत न्हाई, म्हंजे काईतरी आसंल की. सांगंल कवातरी, म्हनून मी इचारलं न्हाई."

सुकेशनीने नाक पुसलं. मेडल अजून तिच्या मुठीत होतं.

"मग दुसऱ्या दिवशी काय केलंत, आबा? बारा तारखेला?"

हा प्रश्न आबांना कुणी विचारला नव्हता. स्वतःलाही त्यांनी तो विचारला नव्हता. त्यांची गोष्ट कायम अकरा तारखेला अडीच वाजता संपायची.

"गेलो खाली," ते म्हणाले.

"कसे गेलात? भ्या गेलं होतं का?"

"भ्या कुटं जातंय! उलट वाढलं. आता पाइपाचंबी भ्या, पानबुडीचंबी. पन माझी पाळी व्हती आन् त्याचीबी मोकळी पडली व्हती. दोन मानसाच्या पाळ्या. कुनीतरी जायलाच पाहिजे व्हतं. थरथरत उतरलो. रोज थरथरत उतरलो. लढाई संपल्यावरबी अकरा वर्सं उतरलो, एक दिवस न भिता गेलो न्हाई." मग ते म्हणाले, "तुला जायचं नसंल तर नको जाऊ. गावाला मी सांगतो. माझ्यावर घे सगळं. पन सोंग करू नको, पोरी. सोंगानं मानूस लय थकतो."

सुकेशनीने मूठ उघडली. मग तिने उठून चारही मेडलांना फिती ओवल्या आणि संध्याकाळी बॅग भरली. तिने काय ठरवलं ते आबांनी विचारलं नाही. विचारायची भीती वाटत होती, हेही खरंच.

रविवारी विहार भरला होता. वंदना झाली, आणि रोहिणीताईंनी माइक हातात घेतला. "ज्या आबांनी शत्रूची चार जहाजं समुद्रात बुडवली, त्यांची ही नात. भीती हा शब्दच ह्या घराला माहीत नाही!" टाळ्या पडल्या. आबांना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते उठले तेव्हा गुडघे खरोखर कापत होते, त्यात बहाणा नव्हता. समोर सगळं गाव होतं, आणि बाजूला नवी कोरी साडी नेसून बसलेल्या नर्मदाबाई.

"मी एकबी जहाज बुडिवलं न्हाई," आबा म्हणाले. "मी लय भ्यालो व्हतो. माझ्या जागंवर वासवन नावाचा मानूस खाली गेला आन् भाजला. हे मेडल त्याचं हाय. मी नुसतं घालतो."

मागून कुणीतरी म्हणालं, "बघा, याला म्हनत्यात मोठेपना!" आणि पुन्हा टाळ्या सुरू झाल्या, आधीपेक्षा जोरात. रोहिणीताईंनी माइकवर सांगितलं की खरा शूर माणूस असाच विनम्र असतो. आबा हताश होऊन उभे राहिले. चोपन्न वर्षं जी गोष्ट सांगायला जीव थरथरला, ती सांगून टाकली तर कुणी ऐकायला तयार नाही. फक्त सुकेशनी टाळी वाजवत नव्हती. ती उठली आणि आबांसमोर येऊन उभी राहिली. आबांनी संग्राम मेडल काढून तिच्या छातीला उजव्या बाजूला लावलं. आपल्या माणसाचं मेडल घरच्यांनी लावायचं तर उजवीकडे, अशी रीत आहे. डावी बाजू ज्याचं त्याची.

"परत काढून ठेवा, आबा," ती हळूच म्हणाली. "ट्रंकेत नको. बाहेर ठेवा."

सोमवारी पप्पूने रजा टाकून तिला परभणीच्या स्टेशनावर नेलं. आबाही गेले. गाडी हलली आणि आबा बाकावर बसले. चोपन्न वर्षांपूर्वी अकरा तारखेला वर बसले होते तसेच. ह्या वेळी आपण बसलोय आणि खाली आपलंच रक्त चाललंय, हा विचार त्यांना परतीच्या बसमध्ये जिंतूरपर्यंत छळत होता. घरी आल्यावर त्यांनी वासवनच्या जुन्या पत्त्यावर पोस्टकार्ड लिहिलं. त्याला आजवर उत्तर आलेलं नाही.

ट्रेनिंगमध्ये मोबाइल जमा असतो, रविवारी थोडा वेळ मिळतो. म्हणून आबा रविवारी सकाळपासून फोन मांडीवर घेऊन बसतात. तो वाजला की दचकतात, आणि वाजला नाही की त्याहून जास्त घाबरतात. तिसऱ्या रविवारी तिचा आवाज बारीक आला.

"आबा, काल उंचावरून पाण्यात उडी मारायची होती. लय उंच हाय ते. मी वर गेले आणि माझे पाय हललेच न्हाईत. सगळे खालून बघायलेत, सर ओरडायलेत, आणि मी नुसती उभी. माझ्या मागं आसामची एक पोरगी होती. ती म्हणाली, तू बाजूला हो, मी जाते आधी."

आबा ताडकन उठून उभे राहिले.

"तिला काय झालं?" त्यांनी विचारलं. "सुके, तिला काय झालं?"

"काही न्हाई झालं, आबा. नाकात पाणी गेलं तिच्या. खोकत खोकत हसायली होती."

आबा परत खाली बसले.

"आन् तू?"

"मी शिडीनं खाली आले. उद्या सकाळी परत चढायचंय. आबा, लय भ्या वाटायलंय."

घाबरू नको, असं म्हणायला आबांनी तोंड उघडलं होतं. त्यांनी ते मिटलं.

"वाटू दे," ते म्हणाले. "त्या पोरीचं नाव काय?"

"जोनमणि."

"लिहून ठिव. आजच लिहून ठिव कुटंतरी."

फोन बंद झाला. आता पुढच्या रविवारपर्यंत काही कळणार नव्हतं. आबांनी भिंतीकडे पाहिलं. तिथे कॅलेंडरच्या खिळ्याला संग्राम मेडल टांगलेलं होतं, पांढऱ्या कडेचं. नर्मदाबाई परातीत पीठ मळत होत्या.

"काय म्हनली?" त्यांनी विचारलं.

"भ्यालीय," आबा म्हणाले. "उद्या जायलीय परत."